विमानाचे स्टेशन बदलून देताना

"विमानाचं स्टेशन बदलून द्या," असे म्हणत एखादे गिऱ्हाईक दुकानात शिरले की बाकावर आपापल्या रेडिओची वाट पाहत बसलेली माणसे एकमेकांकडे पाहत. पिंपरीत त्या काळी विमान म्हणजे लोहगावकडे जाताना डोक्यावरून घरघरत जाणारे. त्याला स्टेशन असते आणि ते बाजारातल्या एका अरुंद दुकानात बदलून मिळते, हे कोणाला खरे वाटण्यासारखे नव्हते. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात, वर्तमानपत्राच्या नोकरीत जाण्यापूर्वी, मी काही वर्षे ते काम केले. आज तो धंदा राहिलेला नाही. तो काय होता आणि त्यात एका माणसाची नोकरी कशी अडकली होती, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

दुकान युसूफभाईंचे. मी त्यांच्या हाताखालचा मेकॅनिक. युसूफभाई मूळचे चाकणचे. घराण्यात कांद्याची अडत होती. लढाईच्या वर्षांत ते देहूरोडच्या लष्करी डेपोत लागले, तिथे वायरलेसचे काम शिकले आणि अडतीकडे परत गेले नाहीत. उंच, आवाजाने मोठे, आणि स्वतःच्या कामाविषयी संकोच अजिबात नसलेले. "मला येतं ते पुण्यात तिघांना येतं," ते गिऱ्हाइकांना सांगत, "आणि त्यातले दोघं अडलं की माझ्याकडे येतात." मी चौकशी केली तेव्हा ते खरे निघाले.

ही विमाने खेळण्यातली, पण खेळणी म्हणावीत अशी नव्हती. हलक्या बाल्सा लाकडाचा सांगाडा, त्यावर पातळ कागद ताणून बसवलेला, पंखांचा पसारा माणसाने दोन्ही हात पसरावेत एवढा. नाकावर अंगठ्याएवढे इंजिन. ते एकदा सुरू केले की टाकीतले तेल संपेपर्यंत चालायचे. मध्येच थांबवता येत नसे. तेल संपले की विमान तरंगत खाली यायचे. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हाती फक्त शेपटीचे सुकाणू होते आणि तेही एका बटणाने चालायचे. बटण दाबले की विमान डावीकडे वळे, सोडले की सरळ होई, पुन्हा दाबले की उजवीकडे. मागचे वळण कोणते होते हे चालवणाऱ्याने ध्यानात ठेवायचे. बटण दाबून धरलेच, तर विमान त्याच वळणात अडकून राही. वळण घट्ट होत जाई, नाक खाली होई आणि गिरक्या घेत विमान जमिनीत घुसे.

बटण ज्या पत्र्याच्या पेटीवर होते तो ट्रान्समीटर. विमानाच्या पोटात साबणाच्या वडीएवढा रिसीव्हर असे. ट्रान्समीटरने हाक मारायची, रिसीव्हरने ऐकायची, आणि ऐकू आले की त्यातला एक छोटा लोखंडी पट्टा टक्कन चिकटायचा. त्याला आम्ही रिले म्हणत असू. रिले चिकटला की सुकाणू हलले. दोघांचे स्टेशन एकच असायला हवे, इतकी साधी अट होती. मात्र त्या काळच्या रिसीव्हरचा कान फार रुंद असे. आपल्या हाकेबरोबर शेजारपाजारच्या हाकाही त्याला ऐकू येत आणि कोण कोणाला बोलावते आहे हे त्याला कळत नसे. म्हणून स्टेशने बदलून घ्यायला माणसे येत.

बदलायचे कसे? ट्रान्समीटरच्या आत तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि त्याच्याजवळ एक बारीक स्क्रू असतो. स्क्रू केसभर फिरवला की स्टेशन सरकते. अडचण अशी की लोखंडी पेचकस जवळ नेला की तेवढ्यानेही ते सरकते आणि पेचकस काढला की परत जागेवर जाते. युसूफभाईंनी यासाठी म्हशीच्या शिंगाच्या फणीचा एक दात तासून हत्यार केले होते. ते हत्यार मला हाताळू द्यायला त्यांनी बरेच महिने घेतले. स्क्रू फिरवायचा, हात पूर्ण बाजूला घ्यायचा, श्वास सोडायचा, मग मीटर पाहायचे. हात जवळ असताना दिसणारा आकडा खोटा, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले.

आणखी एक रीत होती आणि ती पुढच्या हकिगतीसाठी महत्त्वाची आहे. त्या काळी रेडिओ ऐकायलाही परवाना लागे. हवेत हाक मारायला तर लागेच लागे. मॉडेल विमानांसाठी सत्तावीस मेगासायकलच्या आसपास एक अरुंद पट्टी राखून ठेवली होती. सेट उन्हात तापला, बॅटरी उतरली, की स्टेशन थोडे इकडेतिकडे सरकतेच. पट्टीबाहेर गेले तर परवाना जायचा. म्हणून आमच्या दुकानात प्रत्येक सेट पट्टीच्या बरोबर मध्यावर लावला जाई. दोन्हीकडे सारखी जागा राहते, असा त्यामागचा विचार. युसूफभाईंना या रितीचा अभिमान होता.

रीत मोडावी लागली ती प्रथम दोन साडूंसाठी. दोघे पुण्याचे, दोघांकडे विलायतेहून मागवलेले सेट, आणि दोघे रविवारी सांगवीच्या नदीकाठच्या एकाच माळावर विमान उडवत. त्यांच्यात बोलणे बंद होते. एकाने येऊन सांगितले की आमच्या साडूंना माझ्या स्टेशनावरून हलवा. दुसऱ्याने दोन दिवसांनी तेच सांगितले. युसूफभाईंनी एकाला पट्टीच्या या टोकाला लावले, दुसऱ्याला त्या टोकाला. त्या रविवारी दोघांचीही विमाने पडली. दोघे एकमेकांपासून चार पावलांवर उभे राहून बटणे दाबत होते. इतक्या जवळून दोन माणसे ओरडली तर रुंद कानाच्या रिसीव्हरने करावे काय? शेवटी युसूफभाईंनी एक पितळी कडे आणले आणि दोघांना वेगवेगळे बोलावून सांगितले, ज्याच्या एरियलवर हे कडे असेल त्यानेच बटण दाबायचे. कडे एकच. सुरुवातीला एक जण ते गवतावर ठेवून लांब सरकायचा आणि दुसरा उचलायचा. दिवाळीपर्यंत ते हातात देऊ लागले होते. युसूफभाई याला आपले सर्वांत यशस्वी दुरुस्तीकाम मानत.

शांताराम कदम यांच्याकडे इतकी चैन नव्हती. ते कोकणातून आलेले, तिशी गाठत आलेले गृहस्थ. चिंचवडच्या बाजूला एक कारखाना होता. तिथे बॅकेलाइट या कडक प्लास्टिकची बटणे, प्लग, रेडिओच्या मुठी असला माल निघे. कदम तिथे साच्यावर काम करत. पुण्याहून बदली झालेल्या एका लष्करी अधिकाऱ्याने जाताना आपला जुना सेट त्यांना दिला होता. विमान मात्र संपूर्णपणे त्यांनी स्वतः बांधलेले होते. ते दुकानात टेबलावर ठेवले तेव्हा युसूफभाई ते बराच वेळ फिरवून पाहत राहिले. पंखाच्या फासळ्यांमधले अंतर त्यांनी नखाने मोजले. मग म्हणाले, "कदमराव, हे तुम्ही कारखान्यात का सडवताय?"

कदमांनी उत्तर दिले ते असे की, तेच सांगायला आलो आहे. पुण्यात एका छात्र-प्रशिक्षण केंद्रात मॉडेल विमाने बांधायला आणि उडवायला शिकवणाऱ्याची जागा निघाली होती. कागदोपत्री शिक्षण कमी पडत होते, पण उड्डाण करून दाखवले तर ते चालणार होते. डावे-उजवे वळण, माळाला वळसा आणि इंजिन थांबल्यावर चुन्याने आखलेल्या चौकटीत उतरणे, अशी परीक्षा होती. वयाची अटही होती आणि पुढच्या वर्षी कदम त्या अटीबाहेर जाणार होते.

"दिवसभर एक झाकण लावायचं आणि उघडायचं," ते म्हणाले. "तक्रार नाही माझी. पोट भरतंय. पण हे एकदा करून बघायचं आहे."

युसूफभाईंनी सेट पट्टीच्या मध्यावर लावून दिला. कारखान्याजवळच, ओढ्याच्या अलीकडे, मोठा माळ होता. परीक्षेसाठी तोच ठरला. गुरुवारी कारखाने बंद असत. सलग काही गुरुवार आम्ही तिघे त्या माळावर गेलो. विमान फार सुरेख उडे. कदमांना हवेचा अंदाज असा होता की इंजिन थांबल्यावर ते बटणाला फारसे हातही लावत नसत. एखादा हलका दाब, आणि विमान वाऱ्यावर टेकत टेकत पायाशी येई. मी नंतर बऱ्याच जणांना उडवताना पाहिले. इतका कमी दाबणारा दुसरा पाहिला नाही.

परीक्षा मंगळवारी होती. हवाई दलातून निवृत्त झालेले एक अधिकारी जीपने आले. कदमांनी रजा घेतली होती. विमान हातातून सुटले, सरळ चढले, पहिले डावे वळण घेतले, सरळ झाले. मग कदमांनी बटणाला हात लावलेला नसताना ते उजवीकडे वळले आणि वळतच राहिले. कदमांनी बटण दाबले, सोडले, पुन्हा दाबले. काही उपयोग झाला नाही. विमान गिरक्या घेत ओढ्याच्या काठावर आपटले.

माळावर शेळ्या चारणारे एक म्हातारबा नेहमी आमचे उड्डाण पाहत. त्यांनी काठीवर हनुवटी टेकून शांतपणे मत दिले, "आज त्याला जायचं नव्हतं, तुमी उगा धाडलं."

अधिकारी सभ्य होते. त्यांनी मोडलेले पंख स्वतः उचलायला मदत केली, जोडकाम पाहिले आणि महिन्याभराने, पुन्हा मंगळवारी, आणखी एकदा येईन असे सांगितले. तिसऱ्यांदा येणे जमणार नाही, हेही सांगितले.

यानंतरचे पंधरा दिवस दोष शोधण्यात गेले. कदम रात्रपाळी नसे तेव्हा घरी पंख बांधत होते. युसूफभाईंनी रिसीव्हर खोलून त्यातला प्रत्येक जोड नव्याने झाळला. बॅटऱ्या बदलल्या. इंजिनाच्या थरथराटाने रिले आपोआप चिकटतो का, हे पाहण्यासाठी रिसीव्हर सायकलच्या कॅरिअरला बांधून मला बाजारातून फिरवले. रस्त्यावरच्या ट्रकच्या ठिणगीचा त्रास होतो का, तेही पाहिले. दोष सापडला नाही. गुरुवारी विमान पुन्हा उडवले, निर्दोष उडाले. पुढच्या गुरुवारीही तसेच.

तेव्हा युसूफभाई जे बोलले ते मला पुढे वर्तमानपत्रात फार उपयोगी पडले. ते म्हणाले, "गुरुवारी नाही पडत, तर गुरुवारी बघून काय मिळणार? पडलं त्या दिवशी आणि त्या वेळेला जाऊ."

मंगळवारी सकाळी दुकान बंद ठेवून आम्ही दोघे माळावर गेलो. कदम कामावर होते. बरोबर फक्त रिसीव्हर आणि बॅटरी घेतली. एका दगडावर तो ठेवला, एरियलची तार गवतावर पसरली आणि सुरू केला.

रिले टक्कन चिकटला. थोडा वेळ तसाच राहिला. सुटला. मग पुन्हा चिकटला.

ट्रान्समीटर पिंपरीला दुकानात, कुलपात होता.

युसूफभाई दगडाशेजारी मांडी घालून बसले ते बराच वेळ उठले नाहीत. चिकटण्याचा काळ जवळजवळ सारखा होता. मधली फट मात्र कधी थोडी कमी, कधी थोडी जास्त. मध्येच एकदा फट लांबे. मी म्हटले, दुसरा कोणी विमानवाला असेल. त्यांनी मान हलवली. विमानवाला इतका वेळ बटण दाबून धरत नाही. मग एखादे यंत्र असेल, मी म्हटले. "नुसतं यंत्र असतं तर फट पण सारखी पडली असती," ते म्हणाले. "हा माणूस आहे. पण खेळत नाही, काम करतोय."

संध्याकाळी कदम पाळी सुटल्यावर दुकानात आले. युसूफभाईंनी त्यांना बसायलाही न सांगता टेबलावर बोट ठेवले आणि सकाळचा ठेका जसाच्या तसा करून दाखवला: बोट दाबून धरले, उचलले, थांबले, पुन्हा दाबले. कदम आधी काहीच न कळल्यासारखे पाहत होते. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"परत करा," ते म्हणाले.

युसूफभाईंनी पुन्हा केले.

"मध्ये कधी जास्त थांबतं?"

"थांबतं. चार-पाच वेळा झालं की एकदा."

"तेव्हा मी साचा फुंकून साफ करतो," कदम म्हणाले. "युसूफभाई, हा मी आहे."

मग कदमांनी समजावून सांगितले. बॅकेलाइटची पूड दाबून तिच्या टिकल्या करतात. साच्यात घालण्याआधी त्या मऊ कराव्या लागतात. त्यासाठी त्यांच्या साच्याशेजारी विलायती यंत्र होते. कामगार त्याला बिनआगीची भट्टी म्हणत. टिकल्यांचा ट्रे आत सारायचा, झाकण लावायचे, बटण दाबायचे. आत जाळ नाही, तापलेली पट्टी नाही, तरी टिकल्या आतून तापतात. झाकण उघडायचे, टिकल्या साच्यात टाकायच्या, पुन्हा ट्रे भरायचा. हेच ते झाकण. ही भट्टी रेडिओच्याच लहरींनी तापवते, हे कदमांना माहीत नव्हते. अशा यंत्रांना जे स्टेशन दिलेले असते ते आमच्या अरुंद पट्टीच्या बरोबर मध्यावर पडते, हे आम्हांला माहीत नव्हते. आम्ही मोठ्या काळजीने कदमांचे विमान त्यांच्याच भट्टीच्या स्टेशनावर लावले होते.

गुरुवारी ते मोकळे असत कारण कारखाना बंद असे, आणि कारखाना बंद म्हणून भट्टी थंड. परीक्षेच्या मंगळवारी त्यांनी रजा घेतली. त्यांच्या जागी नामदेव नावाचा कामगार बदलीवर बसला. तो भट्टीचे झाकण लावत होता आणि तिकडे विमानाला बटण दाबल्यासारखे वाटत होते.

सगळ्यांत सोपा उपाय मी सुचवला. नामदेवला सांगून परीक्षेपुरती भट्टी बंद ठेवावी. कदमांनी तो ऐकून घेतला आणि नाकारला. साचा तापलेला असतो, माल अडतो, आणि सुपरवायझरने विचारले तर नामदेवने काय सांगायचे? शिवाय, ते म्हणाले, ती जागा मिळाली तर पोरांना हेच शिकवायचे आहे ना, की हवा आपली नसते म्हणून. भट्टी चालू राहू दे.

मग स्टेशन बदलणे हाच मार्ग उरला. पट्टीच्या मध्यापासून निघायचे, म्हणजे एका टोकाला जायचे. कोणत्या टोकाला? भट्टीही एका जागी स्थिर नव्हती. युसूफभाईंनी आणखी दोन सकाळी माळावर बसून ती कशी भटकते ते पाहिले, आणि संध्याकाळी कदम त्या त्या वेळी काय केले ते सांगत. दोघांचे जुळवून झाले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. ट्रे गच्च भरलेला असला, पूड दमट असली, की भट्टीचे स्टेशन खाली सरके. ट्रे अर्धवट भरला की वर चढे. आपल्या हातात ट्रे नेहमी भरलेला असतो, असे कदम म्हणाले. नामदेव? नामदेव घाईत असला की अर्धा भरतो.

नामदेव परभणीकडचा. त्याला दुकानात बोलावून चहा पाजला. कदमांनी त्याला भट्टी बंद ठेव असे सांगितले नाही, हळू चालव असेही सांगितले नाही. ते एवढेच म्हणाले की मंगळवारी ट्रे पुरा भरून लाव, जसा लावायला हवा तसा.

"एवढंच व्हय?" नामदेव म्हणाला. "मला वाटलं कारखान्याला आगच लावायला सांगताव का काय. भरून लावतो की भाऊ. तुम्ही बिनघोर ऱ्हावा."

मग आमच्या भागाचे काम. भरल्या ट्रेने भट्टी खालीच राहणार, म्हणून सेट पट्टीच्या वरच्या टोकाला न्यायचा, पण टोकाबाहेर नाही. बाहेर गेला तर परवाना जातो आणि परवान्याशिवाय परीक्षा होत नाही. मध्यावर लावलेला सेट सरकला तर सरकू दे म्हणता येते. टोकावर लावलेल्या सेटला तेवढी मुभा नाही. युसूफभाईंनी हे काम दुकानात करण्याचे नाकारले. परीक्षेच्या वेळी जेवढे ऊन असेल तेवढ्या उन्हात, माळावर, सेट पुरेसा तापू देऊन, त्यांनी तो लावला. शिंगाचे ते हत्यार, स्क्रू केसभर, हात बाजूला, मीटर. पुन्हा केसभर. एकदा आकडा हवा तेथे आला असे मला वाटले. त्यांनी काही न करता तसेच बसून राहायला सांगितले, आणि थोड्या वेळाने तो आकडा सावकाश सरकून काठाकडे गेला. ते त्याचीच वाट पाहत होते. मग त्यांनी स्क्रू परत किंचित मागे घेतला. रिसीव्हरचा कान जितका अरुंद करता येईल तितका केला. साडूंचे ट्रान्समीटर शेजारी शेजारी होते. भट्टी ओढ्यापलीकडे, भिंतीच्या आत होती. एवढा एकच फरक आमच्या बाजूने होता.

पुढे स्फटिकाचे सेट आले. चण्याएवढा एक स्फटिक काढून दुसरा खोचला की स्टेशन बदलते. त्यासाठी दुकानात यावे लागत नाही, उन्हात बसावे लागत नाही. ती प्रगतीच आहे. तरीही त्या दुपारी युसूफभाईंच्या मनगटात जे होते ते कोठे जमा झाले नाही, याचे वाईट वाटते.

मंगळवारी जीप आली. चुन्याची चौकट आखली होती. म्हातारबा शेळ्यांसह हजर होते. युसूफभाईंनी आमच्याकडचा एक जुना रिसीव्हर पट्टीच्या मध्यावर लावून हातात धरला होता. तो कशासाठी हे त्यांनी कदमांना सांगितले नाही.

विमान सुटले आणि त्याच सुमारास युसूफभाईंच्या हातातला रिले टक्कन चिकटला. भट्टी चालू झाली होती. मी विमानाकडे पाहिले. ते सरळ चढत होते.

अधिकाऱ्यांना तो आवाज ऐकू आला. हे काय, असे त्यांनी खुणेनेच विचारले.

"कारखाना चालू आहे साहेब," युसूफभाई हलक्या आवाजात म्हणाले. "त्याची हजेरी."

डावे वळण झाले. उजवे झाले. माळाला वळसा झाला. रिले चिकटत होता, सुटत होता; नामदेवचा हात घाईचा होता, दोन झाकणांमध्ये फट फार थोडी पडत होती. कदमांचे लक्ष या कशाकडेही नव्हते. मग इंजिन खोकले आणि थांबले. माळावर एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत रिले पुन्हा चिकटला. विमान चौकटीच्या बरेच अलीकडे, उंचावर होते. कदमांनी एक हलका दाब दिला. विमानाने नाक किंचित वळवले. रिले अजून चिकटलेलाच होता. दुसरा दाब, पहिल्याहूनही हलका. विमान सरळ झाले, गवतावरून घसरत आले आणि थांबले. चाके चौकटीत होती, शेपटी चुन्याच्या रेघेवर.

अधिकाऱ्यांनी सेटचे स्टेशन आपल्या बरोबरच्या माणसाकडून मोजून घेतले. पट्टीच्या आत होते. त्यांनी कदमांशी हस्तांदोलन केले, कळवू असे सांगितले आणि जीप गेली. कदम विमान खांद्यावर टाकून, अर्ध्या दिवसाची रजा संपली म्हणून, ओढा ओलांडून कारखान्यात गेले.

कळवू या शब्दाचा अर्थ पुढे वर्तमानपत्रात असताना मला नीट कळला. तेव्हा आम्ही रोज टपालाची वाट पाहिली. कदम दोन-तीनदा येऊन गेले. काही आले नाही एवढेच सांगत. मग येणेही थांबले. युसूफभाई त्यांचे नाव काढत नसत. त्यांनी दुकानाची रीत तेवढी बदलली होती: आता सेट मध्यावर लावला जात नसे, आणि गिऱ्हाईक जेथे उडवणार त्या जागी कामाच्या दिवशी जाऊन आधी ऐकले जाई.

अशाच एका नव्या गिऱ्हाइकासाठी आम्ही पुन्हा त्या माळावर गेलो. सकाळची वेळ होती. रिसीव्हर दगडावर ठेवला. रिले चिकटला, सुटला. युसूफभाई खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी मला हाताने बसायला सांगितले.

"कदम गेले," ते म्हणाले.

मी ऐकले. ठेका वेगळा होता, हे मलाही कळले. पण रजा असेल, मी म्हटले. नामदेव बदलीवर असेल.

"बदलीवाला घाईत असतो," युसूफभाई म्हणाले. "भट्टी दुसऱ्याची, साचा दुसऱ्याचा, त्याला कधी एकदा भोंगा होतो असं असतं. त्या मंगळवारी हाच कसा पळत होता, ऐकलंस ना? आता बघ. साचा फुंकायला थांबतोय. भट्टी त्याची झाली."

रविवारी कदम स्वतः नेमणुकीची बातमी घेऊन आले. आमच्या दुकानात ती तोवर जुनी झाली होती.